मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील व्याकरणदोष

मराठी मातृभाषा असलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात काही व्याकरणदोष वारंवार व ठरावीक पद्धतीने आढळतात. उपयोजित भाषाविज्ञानाच्या दोषविश्लेषण या शाखेत त्यांचा अभ्यास होतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाई. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. तरीही यांतील अनेक दोष पदवीपर्यंत टिकून राहतात.

संकल्पना

रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले, की मातृभाषा व शिकावयाची भाषा यांची तुलना केल्यास अडचणीच्या जागा आधीच ओळखता येतात. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या निबंधात अनवधानाने होणारी चूक आणि नियमबद्ध दोष यांत भेद केला. पहिली चूक दाखवताच विद्यार्थी स्वतः सुधारतो. दुसरी त्याला चूक वाटतच नाही, कारण ती त्याने मनात बांधलेल्या नियमानुसार झालेली असते. अशा नियमांच्या मधल्या व्यवस्थेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये जे नाव दिले, त्यासाठी मराठीत ‘आंतरभाषा’ हा शब्द योजता येतो.

मातृभाषेचा प्रभाव

मराठीत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ‘ही इज टीचर’ असे वाक्य लिहिले जाते; उलट, नियम पाठ केलेला विद्यार्थी ‘द’ नको तेथेही घालतो. शब्दयोगी अव्ययांच्या निवडीत मराठी रचना सरळ उमटते. आपण एखाद्या‘वर’ रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन हिम’. विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस ऑन द टॉपिक’. ‘माझे केस काळे आहेत’ यातील अनेकवचन ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ असे रूप घेते.

काळाच्या बाबतीत ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ हे वाक्य बोधक आहे. मराठीत येथे साधा वर्तमानकाळ पुरतो आणि ‘पासून’ हे एकच अव्यय आरंभबिंदू व कालावधी या दोहोंना चालते. साहजिकच ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीला येथे पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘फॉर’ हवा असतो.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष अप्रत्यक्ष कथनातला होय. ‘तो म्हणाला, की मी उद्या येईन’ या वाक्यात मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते. ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असे लिहिताच मात्र येणारा माणूस बदलतो. ‘आय’ म्हणजे आता लिहिणाराच ठरतो. अशा वाक्यात केवळ काळ तपासून गुण कापणे अपुरे आहे.

मातृभाषेबाहेरील कारणे

सर्व दोषांचे खापर मराठीवर फोडता येत नाही. ‘तो जातो, ती जाते, ते जातात’ असा लिंगवचनभेद सहज सांभाळणारा विद्यार्थी इंग्रजीत ‘ही गो’ लिहितो. तृतीयपुरुषी एकवचनाचा हा ‘एस’ इतर मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनाही उशिराच आत्मसात होतो. ‘डिड नॉट वेंट’ यात भूतकाळ दोनदा दाखवला जातो. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ यात प्रश्नवाक्याचा क्रम नको तेथे लागू होतो. ‘इन्फर्मेशन्स’ हेही याच प्रकारातले. मराठीत ‘माहिती’ या शब्दाचेही अनेकवचन सहसा कोणी करीत नाही.

दुरुस्ती आणि मतभेद

‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर मराठी भाषकांच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. भाषांतरपद्धतीने दोन भाषांतील भेद स्पष्ट होतात, पण वाक्य आधी मराठीत जुळवण्याची सवयही लागते. लेखनातील व्याकरण दुरुस्त करणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे, असे मत जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढण्यापेक्षा एका वेळी एकाच प्रकारचा दोष घेऊन, तो कोणत्या नियमातून आला हे विद्यार्थ्याला दाखवणे कॉर्डर यांच्या भेदाशी अधिक सुसंगत ठरते.

ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र धाटणी असल्याचे प्रतिपादन केले. त्या दृष्टीने ‘डिस्कस अबाउट’सारख्या भारतात रूढ प्रयोगांना दोष म्हणावे की नाही, हा वादाचा विषय आहे. ‘डिड नॉट वेंट’ मात्र सुशिक्षितांच्या भारतीय इंग्रजीतही अशुद्धच मानले जाते.