डिस्कचं बारसं

आमचा लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून फुटून निघाला आणि 2023 साली मागच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं. गावं, शिवारं जागच्या जागीच. बदललं ते फॉर्मावरचं नाव. लिनक्समध्ये डिस्कचंही असंच होतं.

नांदेडच्या भाच्याचा फोन आला, "मामा, लिनक्स बसवायलोय, तर डिस्कच दिसंना!" यादीत 'एसडीए' नावानं पेनड्राइव्ह तेवढा मिरवत होता. त्याची डिस्क एनव्हीएमई जातीची. तिचं नाव 'एनव्हीएमई झिरो एन वन' (या मंडळींची मोजणीच शून्यापासून). बायोसमध्ये कंट्रोलर 'रेड'वर होता, म्हणून ती पडद्याआड. 'एएचसीआय' केल्यावर बाहेर आली. मात्र जुनी विंडोज ठेवायची असेल, तर हा बदल करण्याआधी तिची तयारी करून घ्यावी. नाहीतर ती रुसते आणि चालूच होत नाही.

भाचे अडल्याशिवाय इतिहास ऐकत नाहीत, म्हणून संधी साधली. 1991 साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स बाहेर काढलं. तेव्हा आयडीई डिस्कचं नाव जागेवरून ठरे. पहिल्या केबलवरची थोरली 'एचडीए', धाकटी 'एचडीबी'; दुसरीवर 'एचडीसी' आणि 'एचडीडी'. वाड्यातल्या खोल्यांसारखं, बिऱ्हाड नसलं तरी नंबर त्या खोलीचाच. स्कझी डिस्कांना मात्र सापडतील तशी 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं. 2007च्या सुमारास आयडीईवाल्याही याच रांगेत आल्या. पेनड्राइव्ह तर त्यात आधीपासूनच घुसलेले! काल 'एसडीए' असलेली डिस्क आज 'एसडीबी' होऊ लागली. नावावर विसंबून भलतीच डिस्क पुसली, की आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो गेलेच म्हणून समजा.

म्हणून डिस्क निवडताना आकार आणि मॉडेल पाहावं, आणि त्याआधी फोटोंची नक्कल दुसरीकडे काढावी. पुढच्या कारभारासाठी यूयूआयडी आहे. 32 आकडे-अक्षरांचा, पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. पण पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तो सहसा बदलत नाही. बँकेत आम्ही 'देशमुख' एवढ्यावर पैसे देतो का? खाते क्रमांक विचारतो. आमच्या काउंटरवर 'देशमुख' म्हणून हाक मारली, तर निम्मी रांग पुढे सरकते.