.४५० बोअरची बंदी

शिकारीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘बॅटरी’ हा शब्द वारंवार भेटतो. तिचा विजेशी संबंध नाही. शिकाऱ्याजवळच्या बंदुकांचा संच म्हणजे बॅटरी. गव्या-हत्तीसाठी जड दुनळी रायफल, सांबर-चितळासाठी हलकी, पाखरांसाठी छऱ्याची. हा संच जनावर पाहून ठरतो, असे आपण धरून चालतो. हिंदुस्थानात १९०७च्या सुमारास तो सरकारी हुकमाने मोडला.

लंडनच्या रिग्बी कंपनीने १८९८मध्ये धूरविरहित दारूचे .४५० काडतूस आणले आणि मोठ्या शिकारीसाठी ते चटकन रूढ झाले. दुर्दैव एवढेच, की लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलचा बोअरही .४५०च होता. अशा मार्टिनी वायव्य सरहद्दीवर आणि सुदानात पसरलेल्या. शिकारीच्या नावाने आलेला दारूगोळा त्यांच्या पोटात जाईल, या धास्तीने सरकारने दोन्ही मुलखांत .४५०च्या आयातीवर बंदी घातली.

१८७८च्या शस्त्र कायद्याने नेटिवाला परवान्याच्या दारात उभे केले होते. गोऱ्याला त्यातून सूट होती. काँग्रेस या भेदाविरुद्ध ठराव करीत राहिली. आता नेटिवाच्या भयापोटी साहेबाचीच रायफल उपाशी राहू लागली! मला या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो हाच भाग.

कारखानदारांनी पळवाट काढली ती आकड्यांची. हॉलंडने .४६५, लँगने .४७०, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. जनावराला फरक कळण्याजोगा नव्हता, कायद्याला होता. पण लंडनची दुनळी म्हणजे भारी किमतीचे, हातांनी घडवलेले काम. सगळा संच एकदम बदलणे फार थोड्यांना जमण्यासारखे. शहाणपणाची वाट हळूहळू जाण्याची होती. .४५०/४०० या काडतुसाच्या नावात साडेचारशे असले, तरी नळी .४००ची, म्हणून ते बंदीतून सुटले. हलक्या कामाला माउझर पद्धतीची एकनळी पुरे. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७मध्ये भेट मिळाली, ती रिग्बीची .२७५ अशीच. पुढे १९१२मध्ये हॉलंडचे .३७५ आले आणि एकाच रायफलवर चितळापासून गव्यापर्यंत भागू लागले. संच वाढवण्यापेक्षा आटोपशीर करणे शक्य झाले.

लष्करी बोअरची ही धास्ती इंग्रजांबरोबर गेली नाही. .३०३ सामान्य परवानाधारकाला वर्ज्यच राहिली. तिच्याच धर्तीच्या यंत्रणेवर, पण निराळ्या काडतुसाची .३१५ रायफल आपल्या सरकारी कारखान्यांनी बनवली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली, तरी परवान्यांवर .३१५ हा आकडा अजून लिहिला जातो.