छायाचित्र कोणाचें?

इ. स. १८८८ सालीं इंग्लंडांत एक लहानसा दिसणारा कज्जा न्यायासनापुढें आला. एका बाईंनीं पैसे देऊन आपली तसबीर काढवून घेतली होती. छायाचित्रकारानें तिच्याच कांचेवरून आणखी प्रती काढल्या, नाताळच्या शुभेच्छापत्रासारख्या सजविल्या आणि दुकानांत मांडल्या. न्यायमूर्ति नॉर्थ यांनीं त्यास मनाई केली. पण ती बाईंची अप्रतिष्ठा झाली म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाशीं झालेला गर्भित करार मोडला व विश्वासघात केला म्हणून.

मग करारच नसेल तर? परक्यानें चोरून चित्र टिपलें तर? ही उणीव वॉरेन व ब्रँडाइस या अमेरिकन वकिलांनीं १८९० सालीं दाखविली आणि लवकरच तिचा प्रत्यय आला. न्यूयॉर्क राज्यांतील एका तरुणीचें चित्र तिला न विचारतां पिठाच्या जाहिरातीवर छापून सुमारें २५,००० प्रती दुकानांतून व गुत्त्यांतून लावण्यांत आल्या. लोकांच्या थट्टेनें ती अंथरुणास खिळली, अशी तिची फिर्याद होती. १९०२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती चार विरुद्ध तीन मतांनीं फेटाळली. लोकमत खवळलें, आणि पुढच्याच वर्षीं लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं वा व्यापारासाठीं कोणाचें चित्र वापरणें हा त्या राज्यांत गुन्हा ठरला. मौज अशी कीं, तो निकाल लिहिणारे न्यायाधीश पार्कर १९०४ सालीं अध्यक्षपदासाठीं उभे राहिले व छायाचित्रकारांच्या ससेमिऱ्याबद्दल कुरकुरूं लागले, तेव्हां त्याच तरुणीनें अनावृत पत्र लिहून त्यांना त्यांच्या निकालाची आठवण दिली!

पण सूडापोटीं जें पसरविलें जातें, तेथें व्यापार कोठला? आपल्याकडे २००८ च्या दुरुस्तीनें माहिती तंत्रज्ञान कायद्यांत ६६-ई हें कलम आलें. २०१३ सालीं दंडविधानांत स्त्रियांच्या संरक्षणार्थ ३५४-सी आलें. १ जुलै २०२४ पासून तें भारतीय न्याय संहितेचें ७७ वें कलम झालें. त्याचें स्पष्टीकरण मला मूळ कलमाहून मोलाचें वाटतें. स्त्रीनें चित्र काढण्यास संमति दिली, पण तें तिऱ्हाइतास दाखविण्यास दिली नसेल, तर पसरविणारा गुन्हेगार. “मुळांत काढूंच कां दिलेंस?” हा प्रश्न कायद्यापुरता तरी निकालांत निघाला. घरांत तो अद्याप विचारला जातो, आणि कित्येक मुली चौकीची पायरी चढत नाहींत त्या याच भयानें.

म्हणूनच २०२१ च्या नियमांतील एक शब्दप्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. असें चित्र ठरलेल्या मुदतींत (२०२१ च्या मूळ नियमांत ती २४ तासांची होती) काढून टाकण्याचें बंधन समाजमाध्यमांच्या चालकांवर घालतांना, तक्रार स्वतः त्या व्यक्तीनें अथवा तिच्या वतीनें दुसऱ्या कोणीही करावी, असें तेथें म्हटलें आहे. ती दुसरी व्यक्ति आई असेल, भाऊ असेल, शेजारची मैत्रीणही असेल.