टेनेसी वॉल्ट्झ

टेनेसी वॉल्ट्झ : अमेरिकन कंट्री संगीतातील एक विख्यात प्रेमगीत. स्वररचना पी वी किंग याची व शब्द रेड स्ट्यूअर्ट याचे. रचनाकाल १९४६, प्रथम ध्वनिमुद्रण १९४७. १९५० च्या अखेरीस पॅटी पेज या गायिकेच्या तबकडीने हे गीत ग्रामीण श्रोत्यांच्या वर्तुळातून उचलून शहरी पॉप संगीताच्या अग्रस्थानी नेले, आणि नॅशव्हिलच्या प्रकाशकांना न्यूयॉर्कच्या बाजारपेठेचा दरवाजा उघडून दिला.

किंग (१९१४–२०००) याला दक्षिणेकडील डोंगराळ मुलखाचा पुत्र समजण्याचा प्रघात आहे. तो यथार्थ नाही. त्याचे मूळ नाव फ्रँक कुचिन्स्की. जन्म उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात, पोलिश वंशाच्या कुटुंबात. वडील पोल्का नृत्याच्या वाद्यवृंदाचे चालक आणि स्वतः किंग अ‍ॅकॉर्डियनवादक. मध्य युरोपातून स्थलांतरितांबरोबर आलेली तीन मात्रांची वॉल्ट्झ लय त्याच्या घरातच नांदत होती. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढे जिला कंट्री आणि पॉप यांमधील सीमा ओलांडणे म्हटले गेले, ती या गीताची पहिली सीमा नव्हती, हे उघड होते.

१९४६ मध्ये किंग व स्ट्यूअर्ट आपल्या ‘गोल्डन वेस्ट काउबॉइज’ या वाद्यवृंदाचे सामान लादलेल्या ट्रकमधून नॅशव्हिलकडे येत असता रेडिओवर बिल मन्रोचे ‘केंटकी वॉल्ट्झ’ लागले. शेजारच्या राज्याच्या नावाचे वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीच्या नावाचे का नसावे, असा विषय निघाला. वाद्यवृंद आपल्या कार्यक्रमांत वाजवीत असलेली एक निनावी चाल हाताशी होतीच. स्ट्यूअर्टने काड्यापेटी उसवून तिच्या कोऱ्या बाजूवर शब्द उतरवले. नॅशव्हिलला पोहोचल्यावर हा कागद प्रकाशक फ्रेड रोझ याच्यापुढे आला. मधल्या कडव्याचा आरंभ नुसत्या शीर्षकाच्या पुनरावृत्तीने होत असे. तेथे रोझने त्या रात्रीच्या स्मरणाची ओळ घातली. फेरफार एवढाच, परंतु गीताला भूतकाळ लाभला तो त्याने. एरवी ते एका राज्याचे गौरवगीत होऊन राहिले असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आशय थोडक्यात असा : निवेदक प्रिय व्यक्तीसह नृत्य करीत असता जुना स्नेही भेटतो, निवेदक स्वतःच दोघांची ओळख करून देतो, आणि नृत्य चालू असतानाच तो स्नेही प्रिय व्यक्तीला हिरावून नेतो. ज्या सुरावटीवर हा घात झाला तिचे नाव गीतात वारंवार येते, पण ती सुरावट श्रोत्याच्या कानी कधीच पडत नाही. ऐकू येते ते तिच्याविषयीचे गाणे. तक्रार नाही, सूडाची भाषा नाही, स्थळाचे वर्णनही जवळजवळ नाही. एका सर्वनामाच्या फेरफाराने गीत पुरुषमुखी किंवा स्त्रीमुखी होते. ते इतक्या निरनिराळ्या गळ्यांना मानवले याचे मर्म, प्रस्तुत लेखकाच्या मते, या रिकाम्या ठेवलेल्या जागांत आहे.

१ जानेवारी १९४८ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता, म्हणून आदल्या वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत सर्व कंपन्यांची एकच घाई उडाली. त्या धांदलीत, डिसेंबर १९४७ मध्ये, आरसीए व्हिक्टर कंपनीने शिकागो येथे हे गीत स्ट्यूअर्टच्या आवाजात मुद्रित केले. १९४८ मध्ये ही तबकडी आणि किंगच्या वाद्यवृंदातील पूर्वीचा गायक काउबॉय कोपस याची तबकडी, अशा दोन्ही कंट्री विभागात लोकप्रिय झाल्या. शहरी श्रोत्यांपर्यंत मात्र त्यांतील एकही पोहोचली नाही.

त्याला कारण बाजारव्यवस्थेची वहिवाट होती. गीतकारांचे हक्क सांभाळणारी जुनी संस्था ‘अ‍ॅस्कॅप’ ग्रामीण रचनाकारांना सहसा जवळ करीत नसे. शुल्काच्या तंट्यावरून १९४१ मध्ये नभोवाणी कंपन्यांनी तिची गीते वाजविणे थांबविले, तेव्हा त्यांनीच उभारलेल्या ‘बीएमआय’ या प्रतिस्पर्धी संस्थेला नव्या गीतांची निकड भासली, आणि आजवर दफ्तरी दाखल नसलेल्या कंट्री रचनांना प्रथमच रीतसर मानधनाचा मार्ग मोकळा झाला. पुढल्याच वर्षी, १९४२ मध्ये, गायक रॉय अकफ व फ्रेड रोझ यांनी नॅशव्हिल येथे ‘अकफ-रोझ’ ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ तिच्याच मालकीचे होते.

यापुढचा टप्पा पुष्कळ वृत्तांतांत एका वाक्यात उरकला जातो, आणि तो अन्याय आहे. १९५० मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमचा कृष्णवर्णी वाद्यवृंदनायक अर्स्किन हॉकिन्स याने या गीताला आपल्या परंपरेतील ब्लूजचा रंग चढवून ते मुद्रित केले. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकात त्या वेळी काम करणारा जेरी वेक्सलर याने ही तबकडी पॅटी पेजचा व्यवस्थापक जॅक रेल याच्या कानावर घातली. म्हणजे गोऱ्या ग्रामीण वादकांचे गीत गोऱ्या शहरी गायिकेकडे आले ते कृष्णवर्णी वादकांच्या हातून. व्यापाऱ्यांनी याद्या वेगळ्या मांडल्या होत्या. वादकांचे कान तसे वेगळे नव्हते.

पेज हिने नोव्हेंबर १९५० मध्ये मर्क्युरी कंपनीसाठी हे गीत गायिले. तबकडीच्या मुख्य बाजूस ‘बूगी वूगी सांता क्लॉज’ हे नाताळचे गीत होते. कंपनीची भिस्त त्यावर होती, आणि ‘टेनेसी वॉल्ट्झ’ मागच्या बाजूची भरती म्हणून घेतले गेले. पेज आपल्याच मुद्रित आवाजाबरोबर पुन्हा गाऊन स्वरांवर स्वर चढवी. दुसरा आवाज किंचित उंचावर, पहिल्याला चिकटून चालतो; जणू निवेदिका आपल्याच आठवणीला साथ करीत आहे. साथीचा वाद्यमेळ मुद्दाम मागे ठेवलेला, त्यामुळे शब्दन्‌शब्द स्वच्छ कळतो. नाताळ सरण्यापूर्वीच श्रोत्यांनी तबकडी उलटून घेतली. वर्षअखेरीस ती पॉप यादीत पहिली ठरली आणि १९५१ उजाडल्यावरही अनेक आठवडे तेथून हलली नाही. कंट्री यादीतही तिने वरचे स्थान मिळविले. लागलीच जो स्टॅफर्ड आणि लेस पॉल-मेरी फोर्ड यांच्याही तबकड्या निघाल्या.

फलश्रुती तत्काळ दिसली. १९५१ मध्ये अकफ-रोझचेच, हँक विल्यम्सने रचलेले ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ टोनी बेनेटने गाऊन पॉप यादीच्या शिरोभागी नेले, आणि नॅशव्हिलची गीते न्यूयॉर्कच्या गायकांकडे रवाना होण्याचा शिरस्ताच पडला. मूळ गायकांच्या वाट्याला यातून कीर्ती थोडी आली. रचनाकार व प्रकाशक यांना मात्र प्रत्येक नव्या तबकडीमागे उत्पन्न मिळत गेले.

१९५२ मध्ये जपानमध्ये, अमेरिकन लष्करी तळांवर गाऊन तयार झालेल्या पंधरा वर्षांच्या चिएमी एरी हिने जपानी व इंग्रजी शब्दांच्या मिश्रणात हे गीत गायिले आणि पहिल्याच तबकडीने ती नावारूपास आली. १९६४ मध्ये सॅम कुकने त्यातील तीन मात्रांची लयच काढून टाकली व चार मात्रांच्या चपळ चालीत ते मुद्रित केले; नावात वॉल्ट्झ राहिले, नृत्य बदलले, तरी गीत ओळखू येते. १९६५ मध्ये टेनेसी राज्याने त्याला अधिकृत राज्यगीतांत स्थान दिले.