नाव आम्लाचे, गुण आम्लारीचा

बंगळूरच्या बसवनगुडीत सकाळच्या प्रहरी हिंडणाऱ्यास रवा इडलीची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र हा पदार्थ फार जुना नव्हे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तिकडून येणारा तांदूळ थांबला आणि त्या टंचाईत रव्याची इडली प्रथम आपल्याकडे झाली, असे बसवनगुडीलगतच्या मावळ्ळी भागातील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ हे १९२४ पासूनचे उपाहारगृह सांगते. तांदूळ-उडदाचे पीठ रात्रभर आंबून फुगते. रव्याला इतकी सवड द्यायची नसेल, तर दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा लागतो.

या सोड्याचे कूळ मोठे गमतीचे आहे. काही क्षारांत आम्लाचा अंश जास्तीचा असतो आणि त्या जास्तीलाही मर्यादा असते, हे लाव्हाझिएचे गुरू रूएल यांनी १७५४ साली पॅरिसमध्ये मांडले. १८०८ साली इंग्लंडात वुलस्टन यांनी पोटॅशचा असाच क्षार तापवला, तेव्हा त्यातील कार्बनी वायू नेमका अर्धा निघून गेला. अणुवादाला तो भक्कम आधार ठरला.

खाण्याच्या सोड्यातही आम्लाचा एक हायड्रोजन शिल्लक असतो. म्हणून रचनेने तो आम्लीय क्षार. पण त्याचे द्रावण लाल लिटमसला निळे करते. त्याचा सामू सुमारे ८.३ भरतो. द्राक्षमद्याच्या पिंपात साचणाऱ्या क्रीम ऑफ टार्टरमध्येही असाच एक हायड्रोजन असतो, आणि ते मात्र चांगलेच आंबट! या कोड्याचा उलगडा १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येने सोपा झाला. प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. असल्या क्षारांतील आयन दोन्ही करू शकतो. टार्टरचा आयन देण्याकडे अधिक झुकतो, सोड्याचा घेण्याकडे. नावावरून स्वभाव ओळखू गेलेला येथे हमखास फसतो.

दह्याचे काम म्हणूनच केवळ चवीचे नाही. त्यातील लॅक्टिक आम्ल सोड्याला प्रोटॉन देते, कार्बनी आम्ल तयार होते, ते लगेच फुटते आणि सगळा वायू इडलीच्या कामी येतो. दही कमी पडले तर उरलेला सोडा वाफेच्या उष्णतेने फुटू लागतो. पण त्या वाटेने वायू निम्माच मिळतो, वुलस्टनच्या नळीत मिळाला तसा. मागे राहतो तो धुण्याचा सोडा. ढोकळ्यात हळद असते, म्हणून सोडा नीट न मिसळल्यास तेथे तांबडे ठिपके उठतात; हळदीचे चुन्याने कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार. रवा इडली पांढरी असल्याने तिच्यात ही चूक डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या घासाला साबणासारखी चव लागते, तेव्हा ती कळते.