कामाचे तास आणि कामगाराची झोप : मुंबईच्या सूतगिरण्यांच्या निमित्ताने

श्रमाच्या इतिहासात कामाचे तास, वेतन आणि संप यांची नोंद विपुल आढळते. कामगाराच्या झोपेची नोंद मात्र फारशी आढळत नाही. याचे कारण बऱ्याच अंशी साधनांच्या स्वरूपात आहे. तासांची नोंद हजेरीपटावर होते, वेतनाची पगारपत्रकात आणि संपाची पोलिसी अहवालात. झोप ही गिरणीच्या दरवाजाबाहेर, चाळीच्या खोलीत, गॅलरीत किंवा फुटपाथवर घडणारी गोष्ट असल्याने तिचे दप्तर कोणी ठेवले नाही. वस्तुतः दीर्घ श्रमाचे दुष्परिणाम शरीरात शिरतात ते पुष्कळदा अपुऱ्या झोपेच्याच वाटेने. प्रस्तुत निबंधात मुंबईतील सूतगिरण्यांच्या संदर्भात १८८४ ते १९४८ या काळातील कामाच्या वेळेचा वाद आणि त्याला समांतर असलेले काही साहित्य एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून एक मुद्दा मांडावयाचा आहे. कायदा श्रमाचे माप ज्या एककात घेत आला, ते शरीराचे एकक नव्हते. आणि या दोहोंतील अंतर कामगारांनी फार आधी ओळखले होते.

१

मुंबईतील पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील पाव शतकात गिरण्या वाढल्या, पण प्रौढ कामगाराच्या कामाच्या वेळेवर कोणतेही बंधन आले नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचे काम दिवसाला ९ तासांवर आणले. त्याहून मोठ्या वयाचे स्त्री-पुरुष त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. त्यांच्यापुरता सूर्य हाच कायदा होता. उजाडताना गिरणी सुरू व्हावी आणि अंधारताना थांबावी, असा साधारण क्रम होता. त्यामुळे हिवाळ्यात कामाचा दिवस आखूड आणि उन्हाळ्यात लांब होत असे.

या पार्श्वभूमीवर ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या पाच होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन व कायमचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची सोय.

या निवेदनाचे महत्त्व कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी सांगितलेले आहेच. येथे त्याच्या रचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. विश्रांतीची मागणी त्यात तीन मापांनी केलेली आहे. आठवड्याचे माप रविवार, दिवसाचे माप सूर्यास्त आणि दिवसाच्या आतले माप दुपारचा अर्धा तास. त्यांच्याच जोडीला अपघाताची मागणी आहे. दमलेले शरीर आणि यंत्रात सापडलेला हात या दोन वेगळ्या समस्या आहेत, असे निवेदनकर्त्यांना वाटलेले दिसत नाही.

मागण्या मान्य होण्याचा क्रमही अर्थपूर्ण आहे. रविवारची सुट्टी १८९० मध्ये, म्हणजे ६ वर्षांनी मिळाली. दुपारची विश्रांती १८९१ च्या कायद्याने आली. प्रौढ पुरुषाच्या दैनिक कामाला मर्यादा पडण्यास १९११ साल उजाडावे लागले. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ चा आणि वेळेवर वेतन देण्याचा कायदा १९३६ चा. आठवड्याची विश्रांती देणे मालकांना तुलनेने सोपे गेले. रोजच्या विश्रांतीसाठी २७ वर्षे जावी लागली.

हा विलंब केवळ मालकांच्या विरोधामुळे झाला, असे म्हणता येत नाही. फॅक्टरी कायद्यांमागे लँकेशायरच्या कापड उत्पादकांचा स्वार्थ आहे, हा आक्षेप निराधार नव्हता, आणि टिळकांच्या वृत्तपत्रांसह राष्ट्रवादी वृत्तपत्रांचा मोठा भाग त्याच भूमिकेतून या कायद्यांना विरोध करीत होता. ‘दीनबंधु’ची भूमिका त्याहून निराळी होती. एकाच शहरात, एकाच भाषेत कामाच्या तासांविषयी दोन परस्परविरोधी लेखनपरंपरा उभ्या राहिल्या. एकीचा विषय देशाचा उद्योग होता, तर दुसरीचा उद्योगात झिजणारा माणूस.

२

सूर्याचा कायदा मोडला तो विजेच्या दिव्याने. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेची रोषणाई आली आणि तेजीच्या त्या दिवसांत अनेक गिरण्यांतील काम १४ ते १५ तासांवर गेले. कामगारांनी विरोध केला, वृत्तपत्रांतून टीका झाली, १९०६ मध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि १९०७-०८ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने देशभर साक्षी नोंदविल्या. लोखंडे १८९७ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या निवेदनातील ‘सूर्यास्त’ या शब्दाने आखलेली मर्यादा दिव्यापुढे टिकली नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने हे आयोगाचे वाङ्मय संहिता म्हणून वाचावे, असे सुचवावेसे वाटते. हिंदी कामगार चौदा तास गिरणीत असला तरी तेवढा वेळ काम करीत नाही, तो वरचेवर खात्याबाहेर जातो, विडी ओढतो, रेंगाळतो, हा युक्तिवाद या वादात वारंवार येतो. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की कामगार स्वभावतःच सैल आहे, म्हणून तास लांब ठेवणे भाग आहे. आयोगाचे एक सदस्य, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत हा कार्यकारणभाव उलटा केला. तास लांब आहेत म्हणून कामगार रेंगाळतो, हे त्यांचे प्रतिपादन. बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालण्याचे टाळले होते. नायर यांनी थेट मर्यादेची मागणी केली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली, तेव्हा ती नायर यांच्या दिशेने टाकलेले पाऊल होते.

एकाच वर्तनाला एका संहितेत ‘आळस’ आणि दुसरीत ‘थकवा’ म्हटले आहे. आजचे निद्राविज्ञान नायर यांच्या बाजूचे आहे. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाची सावधता आणि प्रतिक्रियेचा वेग हे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके घसरतात, असे १९९७ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले आहे. थकलेला मेंदू डोळे उघडे असतानाही काही सेकंद झोपून घेतो. चौदा तासांची पाळी, गिरणीपर्यंतची पायपीट, पाण्याची रांग आणि स्वयंपाक यांची बेरीज केली तर १९०५ चा कामगार याच अवस्थेत पट्ट्यांच्या व चात्यांच्या शेजारी उभा होता. त्याचे खात्याबाहेर जाणे ही शरीराने स्वतःसाठी काढलेली वाट होती.

३

वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत ८ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा हे तत्त्व स्वीकारले गेले. हिंदुस्थानासाठी मात्र ६० तासांच्या आठवड्याची सवलत ठेवण्यात आली. १९२२ च्या कायद्याने ११ तासांचा दिवस व ६० तासांचा आठवडा, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी १० तासांचा दिवस व ५४ तासांचा आठवडा, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ९ व ४८ तास अशी घट होत गेली. या शेवटच्या टप्प्याची पायाभरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना झाली. १९४८ च्या कायद्याने हेच प्रमाण कायम केले.

आकड्यांची ही उतरंड प्रगतीची आहे, यात शंका नाही. परंतु तास घटत असतानाच त्यांची जागा बदलत होती. पाळीपद्धतीमुळे गिरणी रात्रीही चालू लागली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्रपाळ्यांना विशेष जोर आला. आठ किंवा नऊ तासांची रात्रपाळी हिशेबाने दिवसपाळीइतकीच असते. शरीराच्या दृष्टीने ती तशी नसते. दिवसा घेतलेली झोप सामान्यतः रात्रीच्या झोपेहून आखूड व तुटक असते. गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीत ती आणखी तुटत असे. एकट्या पुरुषांच्या गाळ्यांत एका पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा माणूस पथारी टाकी. झोपेलाही अशा रीतीने पाळी आली. फोकार्ड आणि टकर यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार रात्रपाळीतील अपघातांचा धोका सकाळच्या पाळीहून सुमारे ३० टक्के अधिक असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्कजनक’ गटात केली आणि २०१९ च्या फेरतपासणीत ती कायम ठेवली.

स्त्रियांच्या बाबतीत कायद्याने रात्र वर्ज्य केली. पण गिरणीबाहेरचे त्यांचे काम कोणत्याच कायद्याच्या कक्षेत नव्हते. भोंग्याआधी उठून भाकऱ्या थापणाऱ्या, खाणावळ चालवून दोन्ही पाळ्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रीचा दिवस सर्वांत लांब होता आणि तो कोणत्याही हजेरीपटावर नव्हता. पहाटे जाते ओढताना ओवी रचणाऱ्या समाजातून या स्त्रिया मुंबईत आल्या होत्या. मराठीतील स्त्रीरचनेचा एक मोठा प्रवाह मुळात झोप मोडूनच निर्माण झाला आहे, हे ओवीच्या सौंदर्याविषयी बोलताना विसरले जाते.

४

दप्तराने जे टिपले नाही ते साहित्याने कितपत टिपले? तुलनेसाठी काही संहिता घेता येतील. मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातील (१८६७) कामाच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात लंडनमधील मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या शिवणकामगार मुलीचा उल्लेख आहे. साडेसव्वीस तास सलग काम केल्यानंतर तिला १८६३ च्या जून महिन्यात मृत्यू आला. तेथे निद्रानाश पुराव्याच्या रूपात येतो. चेखॉव्हच्या १८८८ मधील एका कथेत मूल सांभाळणारी तेरा वर्षांची वार्का कित्येक रात्रींच्या जागरणानंतर पाळण्यातील मुलाचाच गळा दाबते आणि शांत झोपी जाते. येथे अपघात आणि गुन्हा यांतील सीमाच पुसली जाते. होसोई वाकिझो हा स्वतः गिरणी कामगार. त्याने जपानी गिरण्यांतील मुलींचे जीवन ‘जोको आइशी’ या ग्रंथात (१९२५) वर्णिले आणि त्याच वर्षी तो मरण पावला. जपानमधील स्त्रियांची रात्रपाळी १९२९ मध्ये कायद्याने थांबली. तोपर्यंत मुंबईचे गिरणीमालक याच रात्रपाळीला अन्याय्य स्पर्धा म्हणत होते. दूरच्या देशातील मुलींची झोपमोड त्यांना स्पष्ट दिसत होती, हे नमूद केले पाहिजे.

मराठीतील चित्र निराळे आहे. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांच्यासारखे लेखक गिरणीतूनच आले. त्यांच्या लेखनात कामगाराचे जागरण केवळ दुःखाचे रूप घेत नाही. ते शिकण्याचे, सभेचे आणि शाहिरीचेही जागरण आहे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. हे तेच वर्ष, ज्या वर्षी बारा तासांची मर्यादा आली. मर्यादेने मोकळे झालेले तास झोपेसाठी वापरावेत की अक्षरासाठी, हा प्रश्न त्या पिढीपुढे होता. फ्रेंच विचारवंत जाक रान्सिएर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या कामगारांविषयी हाच प्रश्न मांडला आहे. झोपेची रात्र लेखनासाठी वापरणे म्हणजे श्रमिकाने आपल्यासाठी नेमून दिलेले जीवन नाकारणे होय, असे त्यांचे म्हणणे. गिरणगावाला ते लागू पडते. पण एका दुरुस्तीसह. त्या नकाराची किंमतही शरीरालाच द्यावी लागली, आणि ज्यांच्या घरी दुसरे कोणी भाकरी थापणारे होते त्यांनाच ती देणे बहुधा शक्य झाले. रात्रशाळेच्या इतिहासात स्त्रिया विरळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

५

हा विषय केवळ पुराभिलेखाचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम केल्याने झालेल्या पक्षाघात व हृदयविकारामुळे २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, हे त्याचे समर्थन. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे १९११ चा आकडा आठवल्यावाचून राहत नाही. एकूण तास तेवढेच राहिले तर हानी कोठे, या प्रश्नाचे उत्तर एककात आहे. वेतनाचा हिशेब आठवड्याने किंवा महिन्याने करता येतो. थकव्याचा तसा करता येत नाही, कारण आठव्या-नवव्या तासानंतर अपघाताचा धोका तासागणिक चढत जातो, आणि पाचव्या दिवशी मिळालेली सवड पहिल्या दिवशीच्या बाराव्या तासाला उपयोगी पडत नाही. प्रवासाचे दोन-तीन तास बारा तासांत मिळविले की झोपेसाठी काय उरते, हा हिशेब महानगरातील कोणालाही करता येण्यासारखा आहे.

१८८४ च्या निवेदनाने रविवार मागितला, पण त्यावर समाधान मानले नाही. सूर्यास्त आणि दुपारचा अर्धा तासही वेगळा मागितला. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नसावी. तरी रोजची विश्रांती रोजच मिळावी लागते, हे त्यांनी लेखी नोंदवून ठेवले. त्या निवेदनाचे, नायर यांच्या पत्रिकेचे, ओवीचे आणि कामगार कवितेचे एकत्रित वाचन अद्याप व्हावयाचे आहे. ते व्हावे, आणि कामाच्या वेळेविषयीच्या आजच्या चर्चेत त्याचीही साक्ष काढली जावी, एवढीच या निबंधामागील अपेक्षा आहे.