मैल्यातील अग्नी

अमंगळ म्हणून दूर लोटलेल्या वस्तूतही अग्नी वास करितो, याचा प्रत्यय मुंबईस १८९७ सालीच आला. म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्यास १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला होता. समाजाने ज्यांस दूर ठेविले, त्यांच्याच मैल्याच्या टाकीतील वायू तेथे धरून ठेविला गेला व पुढे त्यावर इंजिनही चालले.

यातील तत्त्व सोपे आहे. हवा न शिरणाऱ्या टाकीत सूक्ष्म जंतू मैला कुजवितात आणि त्यातून ज्वालाग्राही मिथेन वायू सुटतो.

पुढे सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हेच तत्त्व कामी आले. साखर कारखान्यातील मळी आंबवून मद्यार्क काढिला, की तांबूस, आंबट, कढत पाणी मागे उरते. ते कृष्णेत सोडिले, तर नदीतील प्राणवायू संपून मासे गुदमरतात; बंद टाकीत घातले, तर त्याच्या वायूवर बॉयलर तापतो. मात्र वायू निघाला, तरी त्या पाण्याचा रंग व क्षार बव्हंशी तसेच राहतात. महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाड, सांगलीस पाणी पाजणाऱ्या कृष्णामाईचे आरोग्य म्हणूनच टाकीनंतरच्या दक्षतेवर अवलंबून आहे.